सव्वातीनशे फुटांतला कारखाना

ऑनसाईट गेलेल्या माणसाचे वीकांत ठरलेले असतात. पहिल्या शनिवारी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, दुसऱ्या शनिवारी एम्पायर स्टेट, कुणाकडे गाडी असेल तर तिसऱ्या शनिवारी नायगारा, आणि त्यानंतर इंडियन स्टोअर, लॉन्ड्री आणि घरी फोन. २००७ साली मी तीन महिने न्यू जर्सीत होतो तेव्हा माझंही असंच चाललं होतं. एका रविवारी रूममेट्स झोपले होते म्हणून मी एकटाच पाथ ट्रेन पकडून मॅनहॅटनला गेलो, भटकत भटकत डिलॅन्सी स्ट्रीटला पोचलो आणि पाऊस आला म्हणून जवळच्या एका म्युझियममध्ये शिरलो. खरं कारण एवढंच. इतिहासाची ओढ वगैरे काही नाही. तिकीट काढताना तर मनातल्या मनात डॉलरला चाळीसने गुणत होतो.

म्युझियमचं नाव टेनेमेंट म्युझियम, पत्ता ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट. टेनेमेंट म्हणजे आपली चाळच. १८६३ साली लुकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने ही पाच मजली इमारत भाड्याने द्यायला बांधली. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं. सुरुवातीला पाणी आणि संडास दोन्ही मागच्या आवारात. १९३५ साली तेव्हाच्या मालकाला आगीपासून सुरक्षिततेच्या नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त्या करायच्या नव्हत्या. भाडेकरू काढणं त्याला स्वस्त पडलं. दुकानं चालू राहिली, पण वरचे मजले जवळजवळ पन्नास वर्षं तसेच बंद पडून होते. १९८८ मध्ये तिथे म्युझियम झालं. ७२ वर्षांत या एका इमारतीत सुमारे ७००० माणसं राहून गेली असं सांगतात.

आत एकट्याला सोडत नाहीत, गाईडबरोबर दहा-पंधरा जणांचा घोळका करून नेतात. त्या दिवशीची गाईड मुलगी आम्हाला ज्या बिऱ्हाडात घेऊन गेली ते लेव्हाईन कुटुंबाचं. हॅरिस आणि जेनी लेव्हाईन. पोलंडमधल्या प्लॉन्स्क गावचे ज्यू (तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं), १८९० च्या सुमारास अमेरिकेत आले. तीन खोल्या मिळून ३२५ चौरस फूट. पुढची खोली साधारण अकरा बाय बारा, तिलाच काय त्या रस्त्याकडच्या खिडक्या. मधे स्वयंपाकघर. मागे एक कोंदट झोपायची खोली. मुंबईकरांना यात काही विशेष वाटणार नाही. पण या सव्वातीनशे फुटांत लेव्हाईन कुटुंब राहायचं, जेनीची बाळंतपणं व्हायची, आणि दिवसभर बायकांचे ड्रेस शिवायचा कारखाना चालायचा. खिडकीच्या उजेडात मशीनवर स्वतः हॅरिस. त्याच्याकडे तीन माणसं कामाला: एक कच्चे टाके घालणारा, एक फिनिशिंगची हातशिलाई करणारी, आणि एक इस्त्रीवाला. इस्त्रीवाला स्वयंपाकघरात, कारण इस्त्र्या तापवायच्या त्या चुलीवर. म्हणजे ज्या चुलीवर जेनीचं सूप, तिच्यावरच कारखान्याच्या इस्त्र्या. उन्हाळा असो की हिवाळा.

घोळक्यातल्या एका गोऱ्या आजींनी विचारलं, "मग ती स्वयंपाक कधी करायची?" सगळे हसले. मी नाही हसलो, कारण मला उत्तर माहीत होतं. इस्त्र्यांच्या मधे मधे करायची.

आमचं घर सोलापूरचं. वडील मिलमध्ये होते. मी सातवीत असताना मिल बंद पडली. थोरल्या काकांचा त्याआधीपासूनच शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना होता, आमच्याच वाड्यात, माडीवर. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण गणवेश शिवण्याचा धंदाही तिथे गल्लोगल्ली आहे, आणि त्यातला बराचसा अशाच माडीवरचा, बोळातला, घरातला. काकांकडे आठ मशीन आणि एक ओव्हरलॉक. वडील त्यांच्याकडे कटिंगला लागले.

दिवस कसा असायचा सांगतो. सकाळी नऊच्या सुमारास कारागीर यायचे आणि एकेक मोटर सुरू व्हायची. सगळी मशीन चालू झाली की माडीची जमीन बारीक थरथरायची, खाली फळीवरचे स्टीलचे पेले वाजायचे. आई म्हणायची, पेले वाजले की नऊ वाजले. वर एका टेबलावर वडील कापडाचे थर पसरायचे, एकावर एक, चाळीस-पन्नास, काठ जुळवून. वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मग ते उभ्या पात्याचं कटिंग मशीन चालवायचं. ते चालू असताना वडिलांशी बोलायचं नाही हा घरातला सर्वांत कडक नियम होता, कारण तिथे हात घसरला तर पन्नास बाह्या एकदम वाया. कापलेले भाग चिंधीने बांधून त्यांचे गठ्ठे व्हायचे. गठ्ठा पहिल्या मशीनवर जायचा तेव्हा नुसते तुकडे असायचे, शेवटच्या मशीनवरून उतरायचा तेव्हा शर्ट. नव्या कापडाच्या खळीचा वास अंगाला, जेवणाला, माझ्या वह्यांना.

शाळेतून आल्यावर माझं काम धागे कातरायचं आणि साईजची लेबलं लावायचं. बत्तीस, चौतीस, छत्तीस. जगातली सगळी मुलं मला बरीच वर्षं दोन-दोनच्या अंतराने दिसायची.

सीझन म्हणजे फेब्रुवारी ते जून. शाळा उघडायच्या आत माल गेला नाही तर तो पुढच्या वर्षीपर्यंत पडून. त्यामुळे मे महिन्यात, सोलापूरच्या त्या उन्हात, रात्री अकरा-बारापर्यंत मशीन चालायची. लाईट गेली की सगळे गच्चीवर, आली की परत खाली. आणि जुलै उजाडला की एकदम शांत. कारागीर पांगायचे, कुणी मंडईत हमाली, कुणी गावाकडे शेतात. काका पार्टीकडे वसुलीला फिरायचे.

या सगळ्यात आई काय करायची? तेरा-चौदा माणसांचा दोन वेळचा चहा. आणि बटणं. काजं करायला बाहेरून एक मशीनवाला होता, पण बटणं हाताने लावायची आणि शेवटचे सुटे धागे काढायचे हे काम शेजारपाजारच्या बायका घरी न्यायच्या, शर्टामागे ५० पैशांनी. उरलेलं आई करायची. दुपारी जेवणं झाली की खाली ओसरीवर गठ्ठा घेऊन बसायची. बायकांची नावं काकांच्या वहीत होती. आईचं नाव वहीत नव्हतं. असायचं काही कारणच नव्हतं, आपलंच काम होतं ना.

असो. न्यूयॉर्कला परत येतो.

त्या दिवशी म्युझियममधून निघाल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. पहिलं वाचलं ते जेकब रीसचं १८९० चं 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज'. रीस हा डेन्मार्कहून आलेला पोलीस बातमीदार. फ्लॅशची पूड उडवून त्याने चाळीतल्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले आणि खात्यापित्या न्यूयॉर्कला हलवलं. ज्यू, इटालियन, चिनी लोकांबद्दल तो जे लिहितो ते आज वाचताना दर दोन पानांनी पुस्तक मिटावंसं वाटतं. पण माणूस आकडे विचारायचा. दार ढकलून आत शिरायचा आणि डझनाला किती मिळतात, भाडं किती, हे विचारून लिहून ठेवायचा.

या खोल्यांतल्या मालकाला तेव्हाच्या वर्तमानपत्रांत 'स्वेटर' म्हणत. आपण थंडीत घालतो तो नव्हे, दुसऱ्याला घाम गाळायला लावणारा. धंद्याची रचना अशी होती: वर बडा व्यापारी. त्याच्या गोदामात कापड कापलं जायचं. कापलेले गठ्ठे हा स्वेटर, म्हणजे कंत्राटदार, घेऊन यायचा, घरात शिवून घ्यायचा आणि तयार माल परत पोचवायचा. व्यापाऱ्याला शिवणाऱ्यांची नावं ठाऊक असायची गरज नव्हती. इंडस्ट्रीत पाच-सात वर्षं काढलेल्यांना ही साखळी समजावून सांगायला नकोच.

रीसने एका माळ्यावर मुलांची जाकिटं शिवणाऱ्या तिघांचा हिशोब दिला आहे. जाकिटाला व्यापाऱ्याकडून २० सेंट. त्यातले मशीनवाल्याला ८, इस्त्रीवाल्याला ३, फिनिशिंगला ५, काजं करणाऱ्याला सव्वादोन. उरले पावणेदोन सेंट. त्या पावणेदोन सेंटांत काम मिळवायला फिरणं, गठ्ठे आणणं आणि पोचवणं. हा त्या 'शोषका'चा वाटा.

दुसरा हिशोब लडलो स्ट्रीटवरच्या एका नवरा-बायकोचा. गुडघ्यापर्यंतच्या विजारी शिवायचे. आठवड्याला १२० डझन, डझनाला ७० सेंट. खोलीत दहा मशीन, त्यांतली सहा भाड्याची, महिना दोन डॉलर एकेकीला. दोन खोल्यांचं भाडं २० डॉलर. म्हणजे महिन्याला ३२ डॉलर सुई हलायच्या आधीच गेले. पहाटे उजाडल्यापासून रात्री नऊपर्यंत काम. निव्वळ नफा डझनाला पाच सेंट, म्हणजे आठवड्याला सहा डॉलर. पण दोघांची स्वतःची मेहनत धरली तर घरात आठवड्याला २५ डॉलर यायचे, काम असेल तेव्हा. कित्येकदा अर्धा वेळ काम शोधण्यातच जायचा.

२५ वजा ६. म्हणजे १९ डॉलर. या कुटुंबाच्या मिळकतीचा तीन चतुर्थांश भाग मालकीचा नव्हता, मजुरीचा होता. मालक म्हणून ते जवळपास काहीच कमवत नव्हते. ते आपल्याच कारखान्यातले मजूर होते. (रीसने निदान बायकोचीही मेहनत धरली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.) त्याच्या एका फोटोची ओळ सांगते की याच रस्त्यावर अशा विजारी डझनाला ४५ सेंटांनीही शिवल्या जात होत्या. ७० ला ज्यांचे पाच सुटत होते त्यांनी ४५ ला काय केलं असेल?

याचं उत्तर मला जॉन कॉमन्स या अर्थतज्ज्ञाच्या लिखाणात मिळालं. १९०१ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या औद्योगिक आयोगासाठी त्याने शिवणकामाच्या धंद्याचा तपशीलवार अहवाल लिहिला. त्यात 'टास्क' पद्धतीचं वर्णन आहे. ते वाचताना मी ऑफिसात मोठ्याने हसलो होतो आणि मग हसू थांबलं.

टास्क पद्धत अशी. मशीनवाला, टाकेवाला आणि फिनिशर यांची एक टोळी. पगार दिवसावर. पण 'दिवस' म्हणजे सूर्य उगवला आणि मावळला असा दिवस नव्हे. दिवस म्हणजे ठरलेले इतके कोट. तेवढे झाले की एक दिवस भरला, मग त्याला दहा तास लागोत की पंधरा. टोळी सहा दिवस राबायची आणि पगाराच्या वेळी कळायचं की आपले 'दिवस' भरलेत साडेचार. मॅन-डे हा शब्द आपण शोधला असं मला उगाच वाटत होतं.

आता व्यापारी म्हणतो, कोटाचा दर कमी केलाय, परवडत असेल तर घे. कंत्राटदार घरी येतो. माणसं काही परकी नसतात, बहुतेक त्याच्याच गावची, कुणी चुलतभाऊ, कुणी मेव्हणा, कुणी कालच बोटीतून उतरलेला शेजारच्या गल्लीतला पोरगा. तो म्हणतो, बाबांनो, दर पडलाय, पण तुमचा रोज मी कमी करत नाही. फक्त दिवसाला एक कोट जास्त काढू. मीही तुमच्याबरोबर बसतोच आहे. आणि तो खरंच बसायचा. सगळ्यांत आधी मशीनवर तो, सगळ्यांत शेवटी उठणारा तो. अशा माणसाला नाही कसं म्हणणार? एक कोट वाढायचा. पुढच्या सीझनला आणखी एक.

कॉमन्सचं म्हणणं साधारण असं की टास्क इतका वाढू शकला याचं कारण मालकाची दहशत नव्हती, मालक आणि मजूर यांच्यातली जवळीक होती. मोठ्या कारखान्यातल्या माणसांनी संप केला असता. इथे संप कुणाविरुद्ध करणार, समोर बसून स्वतः घाम गाळणाऱ्याविरुद्ध?

लोक हे मुकाट सहन का करत होते, तर त्या खोलीत त्यांना बाहेर न मिळणाऱ्या गोष्टी मिळत होत्या. इंग्रजी येत नसलं तरी चालायचं, सगळा कारभार यिडिशमध्ये. शुक्रवारी सूर्यास्ताला मशीन बंद, शनिवारचा सब्बाथ पाळता यायचा, त्याऐवजी रविवारी काम. मोठे कारखाने शनिवारी चालू असत. नवीन आलेल्या माणसाला शिकवून घ्यायचे, अडीनडीला उसने मिळायचे. हे खोटं नव्हतं. आमच्या माडीवरही हे सगळं होतं. कारागिराच्या मुलीचं लग्न असलं की काका ॲडव्हान्स द्यायचे आणि वहीत लिहूनही ठेवायचे नाहीत. आमच्या वहीत न लिहिलेल्या गोष्टी दोन्ही बाजूंच्या होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं.

मग कायदा आला. त्याआधी १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने चाळीत सिगार वळायला बंदी घातली होती, ती वरच्या कोर्टाने १८८५ साली रद्दच केली. माणसाला त्याच्या घरात, घराच्या पवित्र वातावरणात काम करू न देणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर घाला, अशा थाटाचा तो निकाल. घर म्हणजे कोर्टाच्या डोळ्यासमोर कुठलं घर होतं देव जाणे. १८९२ मध्ये शिवणकामासाठी नवा कायदा झाला. राहत्या खोल्यांत बाहेरची माणसं आणून कपडे शिवायला मनाई. परवानगीच्या अटी, तपासणी, सगळं. पण एक अपवाद: कुटुंबातली माणसं शिवत असतील तर चालेल.

हा अपवाद मी दोन-तीनदा वाचला. कायदा दयाळूपणेच केलेला होता. रोगराई, गर्दी, मुलांची हालत, सगळं बघून केलेला. पण त्याचा अर्थ काय झाला? हॅरिस लेव्हाईनच्या खोलीतला पगारी इस्त्रीवाला बेकायदा. बिनपगारी जेनी कायदेशीर. ती काम करत नाही, ती घरची आहे.

आपल्याकडेही निराळं नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात वीज वापरत असाल तर १० कामगार, नसाल तर २०, तिथून कारखाना सुरू व्हायचा. त्याहून छोट्या जागेलाही सरकार कलम ८५ खाली हा कायदा लावू शकत होतं, पण मालक फक्त घरच्या माणसांच्या मदतीने काम करत असेल तर ती जागा सोडून. सोलापुरात ज्या ज्या घरी मी खेळायला जायचो तिथे नोंदीला आठ-नऊच माणसं असायची. आमच्याकडे मी कधी मोजलं नव्हतं. ऑर्चर्ड स्ट्रीटहून परतल्यावर मोजलं तर आई आणि काकू धरून अकरा भरली.

कारखाने घरांतून बाहेर पडले की सगळं सुधारेल असं १८९० च्या दशकातल्या भल्या लोकांना वाटत होतं. हळूहळू पडलेही. उंच, हवेशीर, मोठ्या खिडक्यांच्या नव्या इमारती आल्या. त्यातल्या एकीत आठव्या ते दहाव्या मजल्यावर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी होती. तिचे मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे दोघंही रशियातून आलेले ज्यू, शिवणकाम करतच वर चढलेले. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण मुली. मालक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले. त्या आगीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही. पण ट्रँगलच्या मालकांविरुद्ध उभं राहणं मजुरांना जमलं होतं. १९०९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या शर्टवेस्ट कारखान्यांतल्या वीस हजारांवर मजुरांनी, मुख्यतः मुलींनी, संप केला. ट्रँगलच्या मुली त्यात होत्या. समोर कोण आहे हे त्यांना दिसत होतं. आणि कशासाठी भांडायचं तेही मोजता येत होतं: तास, दर, दंड.

न्यू जर्सीतल्या त्या महिन्यांत मी एक एक्सेल शीट केलं होतं. इंजिनियरची खोड. दिवसाला ३० शर्ट धरले, शर्टामागे ५० पैसे, १५ रुपये रोज. सीझनचे १२० दिवस, १८०० रुपये. अकरा सीझन. १९,८०० रुपये. चहा धरला नाही, कारण त्याचा दर काय लावायचा कळेना.

हा आकडा मोठा नाही, ते मला कळतं. पण माझ्या इंजिनियरिंगची फी काकांनी भरली होती, आणि चारही वर्षं घरात एक वाक्य ऐकत आलो होतो की काकांचे उपकार विसरू नकोस. सगळ्यांत जास्त वेळा ते आईच म्हणायची. ती फी उपकार होती की तिचा राहिलेला पगार, हा प्रश्न त्या शीटच्या शेवटच्या ओळीत होता. काकांना वाईट म्हणायची माझी हिंमत आजही नाही. सीझनमध्ये रात्री एकला माडीवरचा शेवटचा दिवा ते मालवायचे, मी झोपेत पाहिलंय. पार्टीने दर पाडला की आधी त्यांचं जेवण कमी व्हायचं. हॅरिस लेव्हाईनला रीसच्या शब्दात स्वेटर म्हणायला मला जड जातं त्याचं कारण हेच.

२०१४ साली वाटणी झाली. वाडा दोघा भावांचा, तो अर्धा अर्धा. कारखाना काकांनी उभा केलेला, तो त्यांच्या मुलांकडे. कायद्याने अगदी बरोबर. काकांच्या मुलांनी वडिलांचं सगळं येणं चोख दिलं, पगाराची नोंद होतीच. आई आतून चहा घेऊन आली, ट्रे ठेवला आणि परत आत गेली. ते शीट माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. मी ते उघडलं नाही. उघडायला हवं होतं का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. त्या खोलीत जो तो माझाच माणूस होता.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा परवा आईला फोन केला. म्हटलं, तू दिवसाला साधारण किती शर्टांना बटणं लावायचीस गं, तीस?

"तीस कशाला, चाळीस. मेमध्ये तर साठसुद्धा. आणि पन्नास पैसे पहिली तीन-चार वर्षंच होते, मग पाऊण रुपया झाला."

मी विचारलं, इतकं कसं लक्षात आहे?

"कालनिर्णयवर लिहायचे की. दुधाच्या खाली."

म्हणजे दूध एक लिटर, त्याखाली चाळीस. दूध एक लिटर, त्याखाली बेचाळीस. अकरा वर्षं तो कागद स्वयंपाकघराच्या दारामागे माझ्या डोळ्यासमोर टांगलेला होता. मी विचारलं, ती कॅलेंडरं आहेत का कुठे?

"छे रे. दर जानेवारीत रद्दीत घालायचे."